उलटणारा ताप

रक्तात तो दिसतो तो फक्त ताप चढलेला असताना. ताप उतरला की त्याच माणसाच्या त्याच बोटातून थेंब काढा, काचेवर पसरा, तासभर मायक्रोस्कोपवर डोळे फोडा; हाती काही लागत नाही. आठवडाभराने माणूस पुन्हा फणफणला की तो पुन्हा हजर. लांब, बारीक, स्वेटर उसवल्यावर लोकरीच्या धाग्याला राहतात तसे वळसे अंगावर घेऊन पडलेला. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीच्या पोटात बसतो, हा पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत असतो. त्यामुळे नवख्या तंत्रज्ञाला तो रंगाचा गाळ वाटतो किंवा कापसाचा तंतू वाटतो, आणि फील्ड पुढे सरकतं.

मी नगर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. सरकारदप्तरी आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येतं. आमची सगळी उमर मलेरियाच्या स्लाईडवर गेली. गावोगावचे कर्मचारी घरं हिंडून तापाच्या माणसांची बोटं टोचायचे, स्लाईडचे गठ्ठे कागदात गुंडाळून आणायचे. आम्ही जेएसबीच्या निळ्या आणि लाल द्रावात त्या बुडवायच्या, धुवायच्या, स्टँडवर तिरप्या वाळत घालायच्या, तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभर फील्ड मोजायची. जेएसबी म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी. परदेशी रंग परवडेना म्हणून आपल्याच माणसांनी काढलेला हा स्वस्त रंग. एवढ्या काचांत हा वळशांचा जंतू मला एकदाही दिसला नाही. दिसायचं कारणही नव्हतं; माझ्या नोकरीच्या आधीच तो या मुलखातून गेला होता. तरी त्याच्यावर लिहायला बसले ते माझ्या भाच्यामुळे.

भाचा अमेरिकेत कनेटिकट राज्यात असतो. दोन-तीन वर्षांमागे त्याचा उजवा गुडघा सुजला. सूज एवढी की पँट वर सरकेना, पण दुखणं त्या मानाने बेताचं. जिना चढायचा, गाडी चालवायचा. सुट्टीत पुण्याला आला तेव्हा एका डॉक्टरांनी युरिक ॲसिड पाहिलं, संधिवाताच्या तपासण्या केल्या, गुडघ्यातलं पाणी काढलं. पंधरा दिवसांत पाणी पुन्हा भरलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्यात बसून ते नाव मनात येणं अवघडच. परत गेल्यावर तिकडच्या डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारलं, गेल्या दोन उन्हाळ्यांत गवतात, झाडीत हिंडणं झालं का? घरामागे हरणं येतात का? अंगावर कधी लाल चट्टा आला होता का? चट्टा आला होता. मांडीच्या मागे, हळूहळू पसरत गेलेला. याने त्याला गजकर्ण समजून मलम चोळलं होतं. चट्टा आपोआप गेला आणि विषय संपला.

रात्री त्याचा फोन. "आत्या, मला लाइम झालाय म्हणे. गोचीड चावला होता. आपल्या गाईंना असतो तोच का गं?"

म्हटलं, "तो नव्हे बाबा. हा वेगळा. पण जंतूचं नाव काय सांगितलं?"

"बोरेलिया."

हे नाव आमच्या डी.एम.एल.टी. पदविकेच्या पुस्तकात मलेरिया आणि हत्तीरोगाच्या मध्ये चार ओळींत येऊन जायचं. परीक्षेत कधी विचारलं नाही म्हणून कुणी पाठही केलं नाही. त्या चार ओळींच्या मागे आपल्याच मुलखाचा किती मोठा इतिहास आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

लाइम हे कनेटिकटमधलं एक गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या दोन आयांनी आरोग्य खात्याकडे तक्रार केली की आमच्या आळीत एवढ्या पोरांना एकदम संधिवात कसा? अ‍ॅलन स्टीअर या डॉक्टरने त्याचा पाठपुरावा केला, आणि १९७७ मध्ये गावाचंच नाव रोगाला चिकटलं. जंतू सापडायला आणखी चार वर्षं गेली. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर हा गोचिडांचा जाणकार न्यूयॉर्ककडच्या बेटावरून आणलेल्या गोचिडांची आतडी भलत्याच कारणासाठी तपासत होता, त्यात त्याला हे वळसे दिसले. आधीची सवय असल्याशिवाय ते ओळखू आले नसते. ती सवय त्याला होती, कारण तरुणपणी त्याने अभ्यास केला होता तो याच घराण्यातल्या दुसऱ्या तापाचा, उलटून येणाऱ्या तापाचा. लाइमचा जंतू आणि उलटणाऱ्या तापाचा जंतू, दोघांचं आडनाव एक. लाइमचा गोचिडातून येतो. आपल्याकडे जो आला होता, तो कपड्यांतल्या उवांतून आला होता.

आता १८७६ च्या दुष्काळाकडे जाऊ. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला. बघता बघता लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडच्या गावांत पोचलं आणि लोकांनी गहाणखतं जाळली. म्हणजे कुणबी आधीच टेकीला आलेला. त्यावर १८७६ चा पावसाळा गेला. सरकारने कामं काढली. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग त्याच काळातला, नगर जिल्ह्याच्या अंगावरून उभा गेलेला. मातीकामावर दुष्काळी मजूर लावले आणि १८७८ मध्ये गाडी धावू लागली. आमचं वांबोरी याच मार्गावर आहे. विळद सोडून गाडी खाली उतरू लागली की दोन्ही बाजूंना भराव लागतो. माझे सासरे सांगायचे, ही माती पोटासाठी टाकलेली आहे. त्यांनी ते त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं.

मजुरी किती द्यायची याचा वाद तेव्हा गाजला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला दुष्काळी भागात पाठवलं. माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरतं, या हिशेबावर त्याने मजुरी बांधायचा आग्रह धरला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि त्यावर दिवसभर पाटी उचलायची. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. तिकडे सावित्रीबाई फुल्यांनी २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. ओतूर जुन्नरचं, म्हणजे आमच्या अकोले-पारनेरला लागूनच. ज्यांना त्या वर्षाचा चेहरा पाहायचा आहे त्यांनी ते पत्र वाचावं. सरकारी अहवालांतून तो चेहरा दिसत नाही.

ज्याला काम मिळालं नाही किंवा मिळूनही पुरलं नाही, तो चालत निघाला. दख्खनच्या जिल्ह्यांतून लोक घाट उतरून मुंबईकडे गेले. धर्मशाळांत, रस्त्यांच्या कडेला, पुलांखाली राहिले. १८७७ मध्ये मुंबईत तापाची साथ पसरली, ती आधी याच लोकांत आणि मग शहरातल्या गरिबांत.

ती ओळखणारा माणूस हेन्री व्हँडाइक कार्टर. वैद्यकीच्या मुलांना ग्रेचं शरीरशास्त्राचं पुस्तक माहीत असतं. १८५८ च्या त्या पुस्तकातली चित्रं याच कार्टरने काढलेली. पुस्तक ग्रेच्या नावाने अमर झालं आणि चित्रकार त्याच साली मुंबईला येऊन सरकारी नोकरीत विरून गेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, पुढे बरीच वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. महारोग, मदुरा पाय, मूतखडे अशा आपल्याकडच्या रोगांवर त्याने जे काम केलं, ते ग्रेच्या पुस्तकापेक्षा मला मोठं वाटतं. हा माझा पक्षपात समजा. चित्रकाराचा डोळा मायक्रोस्कोपवर आला की काय होतं ते मी माझ्या खात्यात पाहिलेलं आहे. ज्यांचं चित्र चांगलं, त्यांची स्लाईड क्वचितच चुकते.

१८७७ मध्ये आलेल्या तापात रोगी एकाएकी हुडहुडी भरून पडत. डोकं फुटायचं, पाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, पानथरी वाढायची. पाच-सात दिवस ताप चढलेलाच राही. मग एका रात्रीत घामाघूम होऊन उतरे, इतका झपाट्याने की अशक्त माणूस त्या उतारातच गार पडून जाई. वाचला तर चार दिवसांत उठून बसे. घरचे म्हणत, गेला ताप. पुढच्या आठवड्यात ताप उलटे. दुसरा फेरा बहुधा पहिल्यापेक्षा आखूड. त्या काळी ताप म्हटला की किनीन हे ठरलेलं. या तापावर किनीन चाललं नाही.

बर्लिनच्या ओबरमायरने असल्याच तापाच्या रक्तात हलणारे धागे पाहिल्याचं १८७३ मध्ये जाहीर केलं होतं, आणि त्याच साली तो पटकीने वारला. कार्टरला ते ठाऊक होतं. मुंबईच्या रोग्यांचं ताजं रक्त त्याने काचेखाली धरलं. ताजं, म्हणजे न रंगवलेलं. हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते: बिनरंगी रक्तात जंतू आधी दिसत नाही. दिसतात त्या तांबड्या पेशी. त्या एरवी निवांत असतात, आणि मध्येच एखादी उगाच धक्का लागल्यासारखी सरकते. शेजारची हलते. तिथे नजर रोखली की मग धक्का देणारा सापडतो. कार्टरने तापाच्या कोणत्या दिवशी तो दिसतो, घाम सुटायच्या वेळी कसा नाहीसा होतो, उलटताना कसा परत येतो, हे दिवसवार टिपलं. तापातलं रक्त माकडांना टोचून त्यांच्यात तोच ताप आणून दाखवला. १८८२ मध्ये लंडनला त्याचं यावरचं जाडजूड पुस्तक निघालं. नावातच त्याने या तापाला दुष्काळी ताप म्हटलं आणि पश्चिम भारतात पाहिलेला असंही लिहिलं. पुढे या भारतीय जंतूला बरीच वर्षं बोरेलिया कार्टेरी म्हणत; आता तो जगभरच्या उवांच्या तापाच्या जंतूतच मोडतो.

मुंबईत कार्टर होता म्हणून तिथल्या तापाला नाव मिळालं. आमच्याकडे गावातल्या मृत्यूची नोंद पाटील-कुलकर्ण्यांकडून वर जायची आणि त्या तक्त्यात रकाने ठरलेले: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि बाकीचे. तापाच्या रकान्यात हिवतापही जायचा, विषमज्वरही, उपासमारीने खंगून अखेरीला आलेली कणकणही. कोणता ताप, ते लिहायला जागाच नव्हती. दुष्काळाच्या मोजदादीत हा रकाना नेहमी सगळ्यांत मोठा भरतो आणि त्यातून सगळ्यांत कमी कळतं. १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणतींच्या मध्ये नगर जिल्ह्याची वस्ती वाढायच्या ऐवजी घटली. त्यातली माणसं गेली कशाने, तर पुष्कळशी 'तापाने'.

हा ताप दुष्काळातच का यावा? कार्टरच्या काळी उत्तर होतं उपासमार, गर्दी आणि घाण. तिन्ही खरंच होतं, पण या तिघांना जोडणारा दुवा सापडत नव्हता. तो सापडला आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. १९०७ मध्ये पर्सिव्हल मॅकी हा डॉक्टर नाशिककडच्या एका मिशनच्या वसाहतीत आलेली साथ पाहत होता. तिथे मुलगे १७०, त्यांतले १३७ आजारी. मुली ११४, त्यांतल्या ३५ आजारी. अन्न एक, पाणी एक, हवा एक. मग मुलग्यांनाच एवढा का? मॅकीने कपडे उलटे करून पाहिले. मुलग्यांच्या कपड्यांच्या शिवणीत उवा बुजबुजलेल्या, मुलींच्या कपड्यांत थोड्या. उवा फाडून पाहिल्या तर त्यांच्या पोटात तेच वळसे, आणि वाढत्या संख्येने. हा मॅकी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचा संचालक झाला.

आणखी पाच वर्षांनी ट्युनिसमध्ये निकोल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेवटची गाठ सोडवली. ऊ चावल्याने हा ताप येतच नाही. जंतू उवेच्या अंगातल्या द्रवात कोंडलेला असतो, त्याला बाहेर यायला वाट नसते. ऊ चिरडली की तो मोकळा होतो आणि खाजवून ओरबाडलेल्या कातडीतून आत शिरतो. नखावर नख ठेवून ऊ कट्कन मारायची, ही आपल्याकडे आयाबायांची रोजची रीत. आजारी नवऱ्याचं धोतर उन्हात घेऊन बसलेली बाई त्याच्या उवा वेचून मारत असेल आणि तोच ताप स्वतःच्या बोटांत घेत असेल. शिवाय या उवांना फार तापलेलं अंग सोसवत नाही आणि गार पडलेलंही नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला सोडून त्या शेजारी निजलेल्याच्या कपड्यांत जातात.

दुष्काळी छावणीचा विचार करा. अंगावर एकच वस्त्र, ते विकलं गेलं नसेल तर. धुवायला पाणी नाही, बदलायला दुसरं नाही. थंडीत माणसं एकमेकांना चिकटून निजणार. डोक्यातली ऊ वेगळी, ती सुखवस्तू घरातल्या पोरींच्या डोक्यातही असते. कपड्यातल्या उवेला मात्र न बदललेलं कापड लागतं. एक पौंड धान्याचा हिशेब करणाऱ्यांनी साबणाचा, पाण्याचा आणि दुसऱ्या लुगड्याचा हिशेब कधी केला नाही. माझ्या मते १८७७ चा ताप भुकेपेक्षा या न झालेल्या हिशेबाने पसरला.

हे मी ठामपणे म्हणते, कारण पुढचा एक मोठा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. १९७२ ला मी पाथर्डी तालुक्यात माहेरी होते, शाळकरी. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. मे १९७३ मध्ये राज्यभर असे सुमारे ५० लाख लोक कामांवर होते, म्हणजे गर्दी काही कमी नव्हती. आम्ही सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाल्ली. आईचा हात हातोड्याने सोलपटलेला असायचा. तरी उवांचा ताप आला नाही. फवारणीवाले खांद्यावर पंप घेऊन घरांच्या भिंतींना डीडीटी मारून गेलेले, घराघरात ५०१ साबणाचा बार तुकडे करून का होईना पोचलेला, आईजवळ फाटकं असलं तरी दुसरं लुगडं होतं. आणि ताप आलाच असता तर पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन तालुक्याच्या दवाखान्यात होतं. कार्टरच्या हाती यातलं काहीच नव्हतं. या तापावर चालणारं पहिलं औषध, सोमलापासून केलेलं साल्व्हरसान, १९१० साली आलं, म्हणजे कार्टर वारल्यावर तेरा वर्षांनी.

आज टेट्रासायक्लिनच्या एका मात्रेत उवांचा ताप हटतो. फक्त ती मात्रा देऊन माणसाला घरी धाडायचं नसतं. जंतू एकदम मरतात, त्यांच्या मोडतोडीने दोन-चार तासांत जबर हुडहुडी भरते, ताप आणखी चढतो, रक्तदाब कोसळतो. औषधाने रोगी बिघडला असं वाटतं आणि त्या वेळी जवळ कोणी नसलं तर तो जातोही. इथिओपियात हा ताप अजून आहे. २०१५ च्या सुमाराला सोमालिया, इरिट्रियाकडून निघून युरोपात पोचलेल्या निर्वासितांत तो सापडला. जर्मनी, इटलीतल्या तंत्रज्ञांना मलेरियाची स्लाईड पाहताना पेशींच्या मध्ये हे धागे दिसले. पुन्हा तेच: घरदार सुटलेली माणसं, अंगावर एक जोड कपडे.

भाच्याच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते सांगते, कारण आमचा जंतू आणि त्याचा जंतू इथे वेगळे वागतात. उलटणारा ताप रक्तात गर्दी करतो, म्हणून स्लाईडवर सापडतो. तो दरवेळी अंगावरची प्रथिनं बदलून येतो. शरीराने पहिल्या रूपाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं दुसऱ्या रूपाला ओळखत नाहीत, म्हणून ताप उलटतो. लाइमचा जंतू रक्तात फार थोडा असतो आणि लवकरच सांधे, मज्जातंतू, कातडी अशा ठिकाणी दडतो. त्याच्यासाठी स्लाईड करणं व्यर्थ. तिथे रक्तातली प्रतिपिंडं शोधतात, आधी एलायझा आणि ती आली तर वेस्टर्न ब्लॉट. गंमत अशी की चट्टा असताना, म्हणजे रोग कोवळा असताना, ही तपासणी पुष्कळदा कोरी येते, कारण प्रतिपिंडं बनायला आठवडे लागतात. त्या वेळी डॉक्टरने नुसत्या डोळ्यांनी चट्टा ओळखून औषध सुरू करायचं असतं. सावळ्या कातडीवर तो चट्टा नीट उठून दिसत नाही आणि पुस्तकांतली छायाचित्रं बहुतेक गोऱ्यांची. आमच्यासारख्यांचा रोग उशिरा कळण्याचं हेही एक कारण. महिन्या-वर्षांनी गुडघा सुजतो तेव्हा मात्र तपासणी जवळजवळ नेहमीच जोरात येते. इतकी की उशिराच्या सुजेत ती कोरी आली, तर लाइम सोडून दुसरं काही शोधावं.

भाच्याची जोरात आली. त्याला अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं, सकाळ-संध्याकाळ शंभर मिलिग्रॅम. सूज महिन्या-दोन महिन्यांत ओसरली. ती ओसरली नसती तर दुसरा फेरा किंवा शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन. मज्जासंस्थेत शिरलेल्या रोगातही ते देतात. काहींचा गुडघा जंतू मेल्यावरही सुजलेला राहतो, शरीराची स्वतःची आग विझत नाही. तिथे अँटिबायोटिक वाढवून उपयोग नसतो, संधिवाताची औषधं लागतात. भाच्याच्या ओळखीतले एक गृहस्थ मात्र वर्षभर अँटिबायोटिक घेत होते, कुणीतरी खासगीत देत होतं. २००१ पासूनच्या चाचण्यांनी दाखवलंय की नीट झालेल्या उपचारानंतर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालवून थकवा आणि दुखणं जात नाही, उलट औषधाचे त्रास मागे लागतात. भाच्याने विचारलं, "पुन्हा रक्त तपासून बरा झालो का बघू?" त्याला म्हटलं, पैसे फुकट घालवू नकोस. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात. बरा झालास का ते गुडघा सांगेल.

आपल्याकडे लाइम आहे का, असं मला मैत्रिणी विचारतात. हिमालयाच्या कुशीत आणि ईशान्येत रोगी नोंदले गेलेत, कर्नाटकात नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलालगतच्या लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली आहेत. नगरच्या पठारावर गोचीड म्हणजे गाईगुरांचा. राहुरी, संगमनेर, राहाता हा दुधाचा पट्टा; इथे 'गोचीड ताप' म्हटलं की शेतकऱ्याला थायलेरिया कळतो, संकरित गाय दावणीला बसते आणि दूध आटतं. तो बोरेलियाच्या घराण्यातला नाही. त्या घराण्यातला एक मात्र आमच्या दारात राहत आला आहे, तो कोंबड्यांत. बोरेलिया ॲन्सेरिना. सासूबाईंचं लाकडी खुराडं होतं. दिवसा पाहावं तर स्वच्छ. फळ्यांच्या सांध्यात सुरी घालून खरवडलं की चपटे, करडे, कातडी अंगाचे गोचीड बाहेर पडायचे. दिवसभर ते फटीत बसणार, रात्री कोंबडीचं रक्त पिऊन पहाटेपर्यंत पुन्हा फटीत. कोंबड्या हिरवं हगायच्या, मान टाकायच्या. सासूबाई खुराडं अंगणात आणून त्यावर उकळतं पाणी ओतायच्या, फटींत तंबाखूचं पाणी सोडायच्या. त्यांनी बोरेलिया हा शब्द आयुष्यात ऐकला नाही, पण रोग लाकडात आहे हे त्यांना माहीत होतं.

निवृत्तीनंतर आमच्या जुन्या केंद्रात मी कधीमधी जाते. पारनेर-संगमनेरकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे ऊसतोडवाले कोयते घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात, काही थेट कर्नाटकात. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडताप आहे, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना जंगलातल्या गोचिडांतून लागलेला. तो विषाणूचा, बोरेलियाचा नव्हे. पण नगरच्या दवाखान्यात बसून तो ओळखायचा तर रोग्याला विचारावंच लागतं, अलीकडे कुठे होतास. मलेरियाच्या रजिस्टरात त्यासाठी प्रवासाचा रकाना आहे. तो आमच्या काळीही आडव्या रेघेने भरला जायचा. नव्या तंत्रज्ञ मुलीने मला रजिस्टर दाखवलं, पानभर रेघा.

"मॅडम, विचारलं तर सगळे म्हणतात, कुठे नाही, इथेच होतो."

म्हटलं, "परगावी गेला होता का, असं नको विचारूस. वाडा कुठे होता ते विचार. मेंढरं कुठे बसवली, कुणाच्या शेतात, गोचीड काढले का अंगावरचे. ऊसतोडवाल्याला कारखाना विचार, मुकादम विचार."

समोर बाकावर एक धनगर बसला होता, ताप घेऊन आलेला. तिने विचारलं. तो सांगू लागला, आणि तिला रकाना पुरेना, तेव्हा तिने पुढचा, शेऱ्याचा रकानाही त्यातच घेतला.